तेल सुटण्याआधीचा ठोका

वरदाने उंबरठ्यावर पाऊल ठेवलं आणि तिच्या गळ्यातलं पदक थरथरलं.

आधी ते पांढरं होतं. मग पिवळं झालं, आणि दुसरं पाऊल उचलायच्या आत लालभडक. भाकरतुकडा हातात घेऊन दारात उभ्या असलेल्या महानंदाबाई हत्तुरे जागीच थांबल्या. सुनेला चौथा महिना लागला होता. गोड बातमी कळल्यावर ती पहिल्यांदाच घरी येत होती, आणि ते रुपयाएवढं पदक तिला आत येऊ देत नव्हतं.

"आई, पायरीवरच ओवाळा," वरदा ओशाळून म्हणाली. "आत नाही येता यायचं मला."

"असं कसं नाही येता यायचं? दिवाळीला चांगली चार तास बसली होतीस की याच सोप्यात!"

"तेव्हा हे नव्हतं ना गळ्यात."

महानंदाबाईंनी पायरीवरच भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि मुलगा बसवराज बायकोला परत गाडीत बसवून सात रस्ता चौकाजवळच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. आत शिजवलेलं सगळं तसंच राहिलं. महानंदाबाईंचा नवरा सिद्रामप्पा, ज्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणायची, ते ताटावर बसून दोनदा "अगं, होईल ठीक" म्हणाले.

आता हत्तुऱ्यांचं घर म्हणजे काय, ते सांगायला हवं. सोलापूरच्या बाळीवेशीत कोणालाही विचारा, तो तुम्हाला पत्ता सांगणार नाही, कान द्या म्हणेल. परसात जमिनीत पुरलेलं दगडी उखळ, त्यात समोरासमोर उभ्या राहून मुसळ चालवणाऱ्या दोघी, महानंदाबाई आणि त्यांची जन्माची मैत्रीण काशव्वा, आणि त्या उखळातून निघणारी शेंगाची चटणी. बत्तीस वर्षं! यंत्रावरची चटणी गावात ढिगाने मिळायची, पण ती खाऊन लोक महानंदाबाईंची आठवण काढायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. तेल सुटेपर्यंत कुटलं तरच चटणी, नाहीतर ते नुसतं तिखट कूट. आणि वरदाला नेमका शेंगदाणा चालत नव्हता. काजूही नाही, बदामही नाही, पण सगळ्यांत वाईट शेंगदाणा. लहानपणी एका लाडवाने ती दोन दिवस दवाखान्यात होती. अशी मुलगी नाशिकहून येऊन नेमकी या घरात पडली, ते बसवराजच्या प्रेमापायी. टॉवेलच्या कारखान्यात ती रंगांची केमिस्ट होती आणि तो तिथेच मागांवर इंजिनिअर.

लग्नानंतर दोन वर्षं निभलं होतं. ती यायची, आपल्या डब्यातलं खायची, हसून जायची. मग दोन हजार त्रेचाळीस साली ही पदकं बाजारात आली आणि गरोदरपणात डॉक्टरांनी तिच्या गळ्यात एक घातलं.

पदकाची करामत अशी. आत नखाएवढी एक चकती, आणि तिच्यावर प्रयोगशाळेत विणलेले लाखो धागे. आपली जनुकं ज्या द्रव्याची असतात त्याच द्रव्याचे. प्रत्येक धागा अशा बेताने दुमडलेला, की त्याच्या घडीत शेंगदाण्यातल्या एका ठरावीक प्रथिनाचाच कण बसावा, दुसऱ्या कशाचा नाही. हवेतून उडत आलेला कण घडीत अडकला की धागा आकसतो, चकतीतून वाहणारी वीज केसभर बदलते आणि पदक थरथरतं. पिवळं म्हणजे जपून, लाल म्हणजे मागे फीर. माणसाच्या नाकाला जे हजार जन्मांत कळलं नसतं, ते या चकतीला एका श्वासात कळायचं.

कळण्याचा त्रासही तेवढाच झाला. कोणाला दुधाचं पदक, कोणाला गव्हाचं, कोणाला कोळंबीचं. लग्नाच्या बैठकीत पाहुण्याचं पदक थरथरायचं आणि यजमानीणबाई कानकोंडी व्हायची. हॉटेलांच्या दारावर पाट्या लागल्या. काल चालत होतं ते आज चालेना, कारण काल ते कोणाला दिसत नव्हतं. सोलापूरच्या बायकांनी त्या पदकाचं नाव ठेवलं 'चुगली', आणि तेच रूढ झालं.

पाचव्या महिन्यात तपासणीत वरदाला साखर निघाली. गरोदरपणातली. भात बंद, साखर बंद, पोळी-भाकरी नावाला. त्याच आठवड्यात नाशिकहून तिच्या आईचा, विशाखाताईंचा फोन आला.

"विहीणबाई, डोहाळजेवण आपण हॉटेलात करू या का? पदक चालेल असं स्वयंपाकघर असतं त्यांच्याकडे. तुमच्या घरी तर तिला..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, पण महानंदाबाईंना ते पुरं ऐकू आलं. कान गरम झाले.

"हत्तुऱ्यांच्या सुनेचं डोहाळजेवण हत्तुऱ्यांच्या सोप्यात होईल," त्या म्हणाल्या. "आणि पहिला घास माझ्या हातचा असेल. तुम्ही निवांत या."

फोन ठेवल्यावर मात्र त्यांचं त्यांनाच कळेना, आपण काय बोलून बसलो. दोन महिने हातात होते. घरात शेंगाची धूळ कणाकणात, हात त्या धुळीचे, आणि सुनेला खायला घालायचं म्हटलं तर गहू नको, तांदूळ नको, साखर नको, दाणे तर नकोच नको. मग खायला घालायचं काय, कपाळ?

उत्तर विशाखाताईंनीच पार्सलने पाठवलं. बियांचं पीठ. सूर्यफुलाच्या बिया दळून केलेलं, पिष्ट जवळजवळ नाही, दाण्याचा संबंध नाही, शहरात आताशा बरेच जण त्याचा पाव भाजायचे. महानंदाबाईंनी फ्लॅटवर जाऊन त्याचा पाव करवला, एक तुकडा तोंडात टाकला आणि पाण्याच्या घोटाने तो खाली ढकलला.

"कसा आहे?" वरदाने विचारलं.

"खोकं खाल्ल्यासारखा आहे गं. हे खाऊन तुझं पोर रुसून आतच बसेल." मग पिशवी उलटसुलट करून म्हणाल्या, "बिया मी स्वतः कुटते."

"आई, पण एक ऐका. माझ्यापायी तुमचं उखळ बंद पडलेलं मला नाही आवडायचं. लोक म्हणतील, सुनेने सासूचे हात बांधले."

महानंदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत या मुलीबद्दल त्यांना कीव आली होती, राग आला होता, पण अभिमान आज पहिल्यांदा वाटला. "बंद नाही पडायचं," त्या म्हणाल्या. "जरा पलीकडे सरकेल."

आणि सरकलं. उखळ जमिनीतून उकरून सहा गड्यांनी ते गल्लीच्या टोकाला काशव्वाच्या परसात नेऊन बसवलं. दोन महिने काशव्वा एकटी कुटणार होती. "तू समोर नसलीस तर मुसळाला तालच लागत नाही गं," ती कुरकुरली, पण मुसळ तिने उचललं.

इकडे बिया सुरू झाल्या. पहिल्यांदा घरच्या मिक्सरमध्ये. भांडं चार पाण्यांनी धुतलं, उकळलं, तरी जवळ धरलेली चुगली लाल. भांड्याच्या झाकणाच्या रबरात वर्षानुवर्षांचं दाण्याचं कूट घर करून बसलं होतं. आता मराठी घरात मिक्सरचं लहान भांडं आणि त्यात दाण्याचं कूट झालेलं नाही, असं कुठे असतं का! दुसऱ्यांदा नवा कोरा मिक्सर आणला, तोही फ्लॅटवर ठेवला. चुगली गप्प राहिली, पण पात्यांनी मिनिटभरात बियांचा चिकट गोळा केला. पीठ नाहीच, चटणीचा लगदा.

वरदाने कागदावर वर्तुळं काढून समजावलं. बीमध्ये निम्मं तेलच असतं, सूक्ष्म पिशव्यांमध्ये भरलेलं. पातं गरगर फिरतं, बी तापते, पिशव्या फुटतात, तेल बाहेर येतं. पीठ हवं असेल तर बी फुटायला पाहिजे, पिशवी नाही.

महानंदाबाईंनी ते कागदावरचं वर्तुळ बोटाने दाबून पाहिलं. मग हसल्या. "म्हणजे मी बत्तीस वर्षं केलं त्याच्या बरोबर उलटं."

त्यांनी पाथरवटाकडून नवं उखळ घडवून घेतलं आणि ते फ्लॅटच्या गच्चीवर ठेवलं. मुसळ नवं, चाळणी नवी, लुगडंसुद्धा तिथलं वेगळं, आणि मनगटापर्यंत घट्ट बांधलेल्या बाह्या. सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया उन्हात खडखडीत वाळवायच्या, मग फ्रीजमध्ये गार करायच्या आणि सकाळी ऊन चढायच्या आत कुटायच्या. दगड गार, बी गार. पहिल्या दिवशी हात आपल्या सवयीने पुढे गेला आणि तेल सुटलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे मिटले.

मुसळाचा आवाज त्यांना माहीत होता. दाणा फुटताना तो कोरडा येतो, खट, खट. तेल सुटलं की ओला, चप, चप. पण या दोहोंच्या मधे एकच ठोका असा येतो की जो कोरडाही नसतो आणि ओलाही नसतो. खद. आयुष्यभर त्या ठोक्यावर त्यांच्या हाताला जोर चढायचा, कारण आता आलंच तेल, हे त्यांना ठाऊक असायचं. त्या सकाळी तो ठोका ऐकू आला आणि मुसळ त्यांनी वरच्या वर धरलं. उखळात पाहिलं तर पिवळसर पांढरं, हलकं, मोकळं पीठ पडलेलं होतं. चिमटीत धरलं तर बोटाला तेलाचा डाग नाही.

वरदाने ते पीठ आणि नाशिकचं पीठ, दोन्ही कारखान्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली घातलं आणि संध्याकाळी धावतच जिना चढून आली. "आई, त्या पिठात निम्म्या पिशव्या फुटल्यात. तुमच्यात शंभरात चार! असं यंत्राला जमत नाही."

"यंत्राला कान कुठे असतात?" महानंदाबाई म्हणाल्या. बोलल्या अगदी सहज, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते चार आणि शंभर बाळीवेशीतल्या प्रत्येक घरी पोचले होते.

मग भाजणं. हत्तुऱ्यांच्या घरात अंडं येत नाही, आणि अंड्याशिवाय या पिठाला धरून ठेवायला काही लागतं. महानंदाबाईंनी जवस भिजवून त्याचा चिकट लगदा घातला आणि आप्पांच्या कपाटातलं ईसबगोल घातलं. "माझ्या पोटाची सोय तिच्या पावात?" म्हणून आप्पा कुरकुरले. आंबट ताक, चिमूटभर सोडा, मीठ, गोडाला स्टीव्हियाची पूड. आठवड्याभरात पाव असा फुगायला लागला की वरदा गरम असतानाच खायची. तिच्या दंडावरच्या साखर मोजणाऱ्या पट्टीवरचा आकडा हलायचा नाही. आप्पांच्या दंडावरही तशीच पट्टी होती, त्यामुळे ते रोज तीन तुकडे खायचे आणि पट्टी सगळ्यांना दाखवत फिरायचे.

राहिलं घर. बसवराजने एक जादा चुगली आणली, आप्पांनी ती पंखे पुसायच्या काठीला बांधली आणि मोहीम काढली. पंख्याच्या पात्यांवर लाल. पडद्यांत लाल. घड्याळात, बसवेश्वरांच्या तसबिरीमागे, जुन्या रेडिओच्या जाळीत. "इथं पण थरथरायलंय बघ!" आप्पा लहान मुलासारखे ओरडायचे आणि महानंदाबाई ओलं फडकं घेऊन धावायच्या. भिंती धुतल्या, चुना काढला, गाद्या बदलल्या. दीड महिन्यानंतर काठी सगळं घर फिरून आली आणि पदक पांढरं राहिलं. आप्पा काठी खाली ठेवायला बायकोजवळ आले आणि पदक पिवळं झालं.

महानंदाबाईंनी पदर झटकला, केस पुढे धरले. पांढरं. हात पुढे केला, पिवळं. मनगटावरच्या पाटल्या! लग्नात घातलेल्या, नक्षीच्या, चौतीस वर्षांत एकदाही न उतरवलेल्या. त्या नक्षीच्या खोबणींत कुटलेल्या सगळ्या वर्षांची धूळ बसली होती.

"राहू दे," आप्पा हळू म्हणाले. "पिवळंच आहे. लाल कुठे झालंय?"

महानंदाबाई न्हाणीघरात गेल्या, साबण लावून हळूहळू पाटल्या काढल्या. एक निघाली, दुसरीने कातडी सोलली. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते, पण मान ताठ होती. मनगटावर दोन पांढरे पट्टे उरले होते. त्यांवर त्यांनी नवा हिरवा चुडा भरला.

डोहाळजेवण शुक्रवारी होतं. सकाळी वरदा गाडीतून उतरली, पायरी चढली, उंबरठ्यावर थांबली. सगळी गल्ली श्वास रोखून त्या पदकाकडे बघत होती. ते पांढरंच राहिलं. वरदाने उजवं पाऊल आत टाकलं आणि काशव्वाने, जी डोक्यावरून न्हाऊन नवं लुगडं नेसून आली होती, पदराने डोळे पुसले.

हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांचा धनुष्यबाण, गाणी, सगळं झालं. मग वाट्यांचा खेळ. एरवी दोन झाकलेल्या वाट्यांत पेढा आणि बर्फी ठेवतात, गर्भिणीने एक उघडायची, पेढा निघाला तर मुलगा आणि बर्फी निघाली तर मुलगी, अशी गंमत. वरदाला दोन्ही चालणार नव्हतं. म्हणून महानंदाबाईंनी पहाटे बियांच्या पिठाचे दोन छोटे केक भाजले होते, एक गोल आणि एक चौकोनी. वरून बदामी, खरपूस, देखणे.

वरदाने डावी वाटी उघडली. गोल! बायकांनी कल्ला केला. "आता मोडून घास भरवा, महानंदाबाई!"

महानंदाबाईंनी केक मोडला. आतून तो हिरवागार होता.

नुसता हिरवट नाही. कोवळ्या पानासारखा हिरवा, कडेपासून कडेपर्यंत.

"अगं बाई, बुरशी आली की गं!" काशव्वाच्या तोंडून निघून गेलं.

विशाखाताई पुढे झाल्या. "वरदा, खाऊ नकोस. मी म्हटलं होतं, हॉटेलात..."

महानंदाबाईंचा हात तसाच अधांतरी राहिला. दोन महिने डोळ्यांसमोरून गेले. उखळ, पाटल्या, भिंती. पदक पांढरंच होतं, पण पदकाला फक्त शेंगदाणा कळतो, विष कळत नाही. मोठ्या तोंडाने सांगितलं होतं, पहिला घास माझ्या हातचा. आता तो घास त्यांनीच मागे घेतला. "नको गं," त्या म्हणाल्या. "नको खाऊस. माझंच काहीतरी चुकलं."

वरदाने त्यांचं मनगट धरलं. केकचा तुकडा उजेडाकडे फिरवून पाहिला, वास घेतला आणि विचारलं, "आई, आज ताक घातलं नाहीत?"

"आज कसं घालेन? शुक्रवार आहे ना." बसवराजच्या दहावीपासून त्या संतोषीमातेचे शुक्रवार करत होत्या. त्या दिवशी घरात आंबट शिजत नाही, म्हणून एरवी शुक्रवारी पाव आदल्या दिवशीचाच असायचा. "ताकाच्या जागी दूध घातलं."

वरदा हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"ही बुरशी नाही. हा रंग आहे, रंग! रंग ओळखणं हेच तर माझं पोटापाण्याचं काम." ती बायकांकडे वळली. "सूर्यफुलाच्या बीत एक आम्ल असतं, कॉफीतही असतं ते. सोडा त्याला भेटला की ते बीतल्या प्रथिनाशी जोडलं जातं आणि हिरवा रंग तयार होतो. खायला काही धोका नाही त्याला. रोज ताक असायचं, ताकाचा आंबटपणा सोड्याला मारून टाकायचा, म्हणून रंग येत नव्हता. आज शुक्रवारने ताक काढलं आणि रंग आला." तिने आपला पदर उचलून केकशेजारी धरला. "बघा तरी. साडी हिरवी, चुडा हिरवा आणि डोहाळजेवणाचा घासही हिरवा. आमच्या कारखान्यात अशी छटा काढायची म्हटली तर आठवडा जातो."

कोणीतरी आधी हसलं, मग सगळ्याच. काशव्वाने दुसरी वाटी उघडून चौकोनी केक मोडला. तोही हिरवा. मुलगा की मुलगी हे विचारायचंच सगळ्या विसरल्या. विशाखाताईंनी कडेचा एक तुकडा तोंडात टाकला, चावला, आणखी एक टाकला.

"विहीणबाई," त्या जरा वेळाने म्हणाल्या, "हे पीठ तुम्ही करता कसं?"

महानंदाबाईंनी मान वर केली. सकाळपासून आवरून धरलेला सगळा अभिमान आता चेहऱ्यावर मोकळा पसरला होता आणि तो लपवायची त्यांना काही गरज वाटली नाही. "तेल सुटायच्या आधी एक ठोका थांबायचं," त्या म्हणाल्या. "सांगायला सोपं आहे. आमच्या गच्चीवर या, दाखवते. दोन-तीन वर्षांत येईल."

"आई," वरदा म्हणाली, "भूक लागली आहे मला."

तिने गळ्यातलं पदक उचललं, उपडं केलं आणि पदराच्या आत सरकवलं. मग तोंड उघडलं. महानंदाबाईंनी पांढऱ्या पट्ट्यांच्या त्या हाताने सुनेला पहिला घास भरवला.